आधी कोणाला चावला का?

आमच्या भुऱ्या कुत्र्यानं माझ्या नातीच्या, सांचीच्या बोटाला दात लावले. सुनेनं तिचा हात नळाखाली साबणानं धुतला आणि आम्ही तिला अकोल्याला दवाखान्यात नेलं.

"याआधी घरात कोणाला चावला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. लय गरीब हाय तो," सून म्हणाली.

सांची मुसमुसत होती. "माहीच चूक हाय. तो जेवून राह्यला होता अन् मी हात लावला."

मागच्या सोमवारी मलाही तसंच वाटलं होतं. वाचता वाचता आपलाच पाय त्याच्यावर पडला असेल, असं समजून मी घरात कोणाला बोललो नव्हतो.

मी पायजमा वर केला आणि पोटरीवरची खूण डॉक्टरांना दाखवली.

सांचीनं डोळे पुसले. "आबा, तुमची बी चूक होती का?"