नियमात नसलेला चहा

गाळात उभं राहून विम्यासाठी नुकसान लिहायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, पण ज्याचा क्लेम त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे मला हेतलबेननी शिकवलं. नर्मदेचा पूर ओसरल्यापासून त्यांनी अर्धं भरूच असंच तहानलेलं राहून पालथं घातलं.

आज मी सर्व्हेला गेलो त्या घरात भिंतींना छातीभर गाळ होता. घरच्या बाईंनी चहा पुढे केला.

“नको.”

“घे रे दीकरा, घसा सुकला असेल.”

“नको म्हटलं ना, हेतलबेन.”

त्या हसल्या. “पास झालास. आता लिही. आणि माझं घर म्हणून एक खुर्चीसुद्धा जास्तीची धरू नकोस.”

मी पिशवीतून थर्मास काढला. “क्लेमवाल्यानं सर्व्हेयरचा चहा पिऊ नये, असं कधी शिकवलंत?”