जुळी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं, हिप्नोफोबिया. "म्हणजे झोपेची भीती. नाव ग्रीकांचं. हिप्नॉस हा त्यांचा झोपेचा देव, आणि मृत्यू त्याचा जुळा भाऊ."

'जुळा' ऐकताच हेमलताने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

तेव्हा दोघी बहिणी सहा वर्षांच्या होत्या, एकाच गोधडीत. जुळ्या बहिणीचा ताप उतरत नव्हता. सकाळी आई औषधाचा चमचा घेऊन आली, तेव्हा हेमलताच म्हणाली होती, "आई, तिचा आत्ताच डोळा लागलाय. उठवू नको गं." आई आल्या पावली परत गेली. रडारड दुपारी झाली.

"झोपल्यावर नेमकं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"उशाशी कुणीतरी बोलतं," हेमलता म्हणाली. "अगदी माझ्याच आवाजात. 'आई, हिचा आत्ताच डोळा लागलाय. उठवू नको गं.'"