उरलेल्या भाकरी

“बाबा, फार चिकित्सा नको. आईची जुनी पत्रं धुंडाळणाऱ्या एआय एजंटाला दोनपैकी एक कंपनी निवडून द्या. तुम्ही काही लिहिलंत, की शब्द नव्हे, अर्थ जुळणारं आईचं वाक्य तीच त्याला काढून देईल,” लेक फोनवर म्हणाली.

विधुर आबाजींनी चाचणीसाठी लिहिले : ‘तुझ्यावाचून करमत नाही.’

पहिल्या कंपनीने पत्नीचे वाक्य काढले : ‘शेजारणीला इथे करमत नाही.’ दुसरीने काढले : ‘आज सवयीने तुमच्याही भाकरी थापल्या. उरल्या.’

आबाजींनी ते वाक्य पुन्हा वाचले. परगावी नोकरीस असता त्यांनी या पत्रास उत्तर धाडले होते : ‘पीठ जपून वापरावे.’

“कोणती घेऊ?” एजंटाने विचारले.

‘दुसरी’ असे टंकून त्यांनी कपाटातले कोरे आंतरदेशीय पत्र काढले. नव्याने उत्तर लिहिले, घडी घातली. पत्त्याच्या जागी मात्र लेखणी अडली.