गॅलरीतली सीडी

दुकानदाराने काउंटरवर दोन सीडी रायटर ठेवले आणि दिगंबररावांनी किंमतही न विचारता जास्त वेगाचा उचलला. "बायको गाते हो आमची. तिची गाणी सीडीवर उतरवायचीत. उद्या साठी पूर्ण होतेय तिची." शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल, अशा बेताने ते बोलले.

उद्यापर्यंत मात्र दम निघाला नाही. घरात शिरताच त्यांनी खोकं कुमुदताईंच्या हातात दिलं. चष्मा लावून ताईंनी वरचं वाचलं.

"अहो, आपल्या कॉम्प्युटरला आहे की रायटर. पहिल्यापासून."

"तुला काय माहीत?"

"वापरलाय मी. गेल्या वर्षी तुमच्या वाढदिवसाला माझ्या गाण्यांची सीडी केली होती. तुमच्या टेबलावर ठेवली होती."

दिगंबररावांना ती सीडी आठवली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. बाद झालेली असणार, असं समजून त्यांनीच तिला दोरा ओवला होता आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत टांगली होती. तेव्हापासून रोज कुमुदताई तिच्याखाली कपडे वाळत घालत होत्या आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

ते स्टूल घेऊन गॅलरीत गेले. वर चढून त्यांनी सीडी हातात धरली. उन्हाने तिचा चंदेरी वर्ख सुटला होता; बोट लागताच त्याचा पापुद्रा नखाला चिकटून आला.

"राहू द्या," मागून कुमुदताई म्हणाल्या. "कबुतरं यायची थांबलीत."