तांबूची दोरी

दौलत घाडींनी निळी दोरी कठड्याच्या लोखंडी पाइपाभोवती दोनदा गुंडाळली आणि गाठ मारली. गाठ गिरणीतली. साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेलं सूत जोडायची, जितकी ओढ बसेल तितकी आवळत जाणारी. गिरणी बंद पडून जमाना झाला होता, पण बोटं ती गाठ विसरली नव्हती. दुसरी गाठ त्यांना कधी धड आलीच नाही.

“हयच बस हां, तांबू. इलंय मी पाणी घेवन.”

तांबू बसला. चार वर्षं हा रस्त्यावरचा कुत्रा शीवच्या किल्ल्याच्या पायवाटेवर मोकळा हिंडला होता. गळ्यात दोरी आज पहिल्यांदाच होती, तीही कपडे वाळत घालायची. त्याने ती हुंगली आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

दौलत रोज सकाळी खालच्या नळावर दोन कॅन भरायचे आणि वाटेवरच्या रोपांना घालायचे. तांबू पुढे, ते मागे. बायको गेल्यापासून आपली कोणी वाट बघतंय, एवढ्यावर ते अंथरुणातून उठत होते. काल, रविवारी मात्र फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष मनमोहन विजयकर यांनी त्यांना थांबवलं होतं.

“घाडी, तुमच्यावर कोणाचा राग नाही. पण उद्यापासून इथे एकही कुत्रा मोकळा दिसला तर पालिकेची गाडी बोलवायची, असं मंडळात ठरलंय. नियम सगळ्यांना सारखा.”

गाडीने नेलेला कुत्रा परत त्याच जागी आणून सोडतात, असं म्हणतात. दौलतांचा त्या म्हणण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांना भीती वाटली, आणि घाबरलेला माणूस नियम नेहमीच अगदी चोख पाळतो.

नळ चाळीस पायऱ्या खाली. पहिला कॅन अर्धा भरला असेल, तेवढ्यात वरून भुंकणं ऐकू आलं. तांबूचं नव्हतं.

विजयकर पत्नी सुमतीबाईंबरोबर किल्ल्यावरून उतरत होते. त्यांचा अल्सेशियन कैसर त्यांच्या वीस पावलं पुढे होता. त्याचा चामडी पट्टा विजयकरांच्या गळ्यात, उपरण्यासारखा. कैसर ट्रेन्ड आहे, हाकेच्या बाहेर नाही, असं ते सगळ्यांना सांगत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. अध्यक्षांच्या कुत्र्याला पट्टा घाला म्हणायची छाती मंडळात कोणाची नव्हती.

कैसर आणि तांबूची गाठ रोजच पडायची. कैसर दिसला की तांबू दोन उड्यांत बाजूच्या कातळावर चढायचा. जड अंगाच्या कैसरला तिथे चढता यायचं नाही. तो खालून भुंकायचा, कंटाळायचा, निघून जायचा. त्या दोघांनी आपापसात लावून घेतलेली ही व्यवस्था चार वर्षं बिनबोभाट चालली होती.

आजही तांबूने कातळाकडे उडी घेतली. दोरीचा हिसका बसला आणि तो उताणा पडला.

“साहेब! धरा त्याला! धरा!” दौलत ओरडत पायऱ्या चढू लागले. कॅन कुठेतरी खाली गडगडत गेला.

“कैसर! नो! कैसर, कम हिअर!” विजयकर हाका मारत होते. कैसरला काही ऐकू जात नव्हतं.

दौलत वर पोचले ते थेट कठड्यापाशी. दोन कुत्र्यांच्या मध्ये हात घालण्यात अर्थ नव्हता. दोरी सुटली तर तांबू पळेल, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी गाठीत नख घातलं, नख तुटलं. तिकडे तांबू जीव खाऊन ओढत होता आणि इकडे गाठ आवळत होती. त्यांनी खाली बसून दात लावले. नायलॉन दाताखालून सटकत राहिलं.

मग दोरी सैल पडली. त्यांना वाटलं, सुटली.

विजयकरांनी तोवर कैसरचा गळपट्टा धरून त्याला पट्टा अडकवला होता. कैसर धापा टाकत त्यांच्या पायाशी बसला, अगदी शहाण्यासारखा. सुमतीबाईंनी ओढणी काढून तांबूच्या मानेवर दाबली.

“याला नेऊ या. जनावरांच्या दवाखान्यात. खाली टॅक्सी मिळेल.”

दौलतांनी तांबूच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“नको, बाई. गेला.”

फिरायला आलेले चारपाच जण भोवती उभे राहिले. विजयकरांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते खोटं नव्हतं.

“पण घाडी, तुम्ही बांधून कशाला ठेवलंत त्याला? सुटा असता तर पळाला असता की.”

“हो ना,” मागून कोणीतरी म्हणालं.

दौलतांनी वर बघितलं नाही. तांबूच्या गळ्यात रुतलेली दोरी ते बोटाने हळूहळू सैल करत होते. बोलले ते सुमतीबाईंशी, तेही त्या शेजारी होत्या म्हणून.

“सकाळी घालूच देत नव्हता. तीनदा मान काढून घेतली. मग मी बिस्किट दाखवलं, तेव्हा आपणहून पुढे केली.”