काकांना मिशी आहे

"कोण पाहिजे?" जाळीच्या दाराआडून दिनूने विचारलं.

"अरे, मी काका! तिरुपतीहून आलो. उघड."

"आमच्या काकांना मिशी आहे. केस आहेत. तुम्ही नंतर या."

हेगिष्ट्यांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. चाळिशीतला गतिमंद दिनू शेजारचा. आई गेल्यापासून तो यांच्याच घरी राहायचा. मध्यंतरी त्याने एका अनोळखी माणसाला आत घेतलं, पाणी दिलं आणि तो माणूस मिक्सर घेऊन पसार झाला. "याला संस्थेत पाठवा," चेअरमन सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हापासून अनोळखी माणसाला दार न उघडण्याचा सराव दिनूला व्हावा म्हणून हेगिष्टे रोज जिन्यात उभे राहून बेल वाजवायचे; कधी पोस्टमन व्हायचे, कधी गॅसवाला. दिनू दर वेळी हसत दार उघडायचा.

"दिनू, निदान आवाज तरी ओळख!"

"आवाज कोणीही काढतं. काका तर पोस्टमनचासुद्धा काढतात."

तेवढ्यात भाजी घेऊन वर आलेल्या काकूंनी पिशवीतून किल्ली काढली, तसा हेगिष्ट्यांनी काकूंचा हात धरला.

"थांब, इतक्यात उघडू नकोस. आधी त्या चेअरमनला इथे बोलाव."