फ्रेंच शिकायची मजेशीर कारणं

मेन्यूकार्ड वाचता येतं, अत्तराची बाटली वाचता येते, मांजराला चारचौघांत शिव्या घालता येतात. वडिलांच्या फ्रेंच वर्गाच्या पत्रकासाठी चौथं कारण सुचेना, म्हणून लेकीनं पेन टेबलावर आपटलं.

“नवऱ्याशी भांडता येतं, लिहा,” गळ्यात मापाची टेप अडकवलेल्या टेलरबाई म्हणाल्या. “त्याला अक्षर कळत नाही, आपण मोकळ्या!”

“मग तुमचंच नाव पहिलं.”

पत्रक वाटलं गेलं. वडिलांनी चाळीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलं होतं. आता ते खिडकीशी बसून दिवसभर शर्टाचं एकच बटण काढायचे आणि घालायचे. वर्ग मिळाला तर माणूस उभा राहील, एवढीच लेकीची आशा.

टेलरबाई आल्या, सलूनवाले आले, औषधाच्या दुकानातले दोघे भाऊ आले. आणि सर खरंच उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात खडू, आवाज शाळेतला.

नियम लेकीनं घातले. पुस्तक नाही, फोन नाही. “कानानं शिकायचं. मूल काय डिक्शनरी घेऊन जन्माला येतं?”

सर तोच धडा पुन्हा पुन्हा नव्या उत्साहानं घ्यायचे, त्यामुळे सगळ्यांचं पाठांतर पक्कं झालं. लेकीला त्यांनी लहानपणीच फ्रेंच शिकवलं होतं, तरी ती एकही तास चुकवायची नाही.

“सरांची लेक, आणि अजून पहिलीतच!” सलूनवाले चिडवायचे. ती हसण्यावारी न्यायची.

वर्षभर सर पोटभर जेवले. मागच्या महिन्यात वर्ग संपल्यावर खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

आज टेलरबाई बॅग घेऊन दारात आल्या.

“नवऱ्याचं ते उगाच म्हटलं होतं हो. पोरगी फ्रान्सला दिलीय, दिवस भरलेत तिचे. सासू फ्रेंचशिवाय बोलत नाही. लग्नात ती काहीतरी बोलली, सगळे हसले, म्हणून मीही हसले. मागाहून कळलं, माझ्यावरच हसले होते.” त्यांनी पदर सारखा केला. “आता भरल्या घरात बोलणार. पोरीलाही सांगितलं नाही, गंमत म्हणून! ऐका, चुकलं तर सांगा. सरांचं नाव राखायचंय.”

त्या ताठ उभ्या राहिल्या आणि न अडखळता पाच वाक्यं बोलल्या.

खाली टॅक्सीनं हॉर्न दिला.

“सांगा ना, कसं झालं?”

लेकीनं दाराची चौकट घट्ट धरली.

“अगदी बाबांसारखं,” ती म्हणाली. वर्षभरात बाबांनी शिकवलेला एकही शब्द फ्रेंच नव्हता. जगातल्या कुठल्याच भाषेतला नव्हता.